तुरटी, काळी माती आणि प्लुटोनियम

पावसाळ्यात आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं होतं. गुंड (पाण्याचं भांडं) भरून रात्रभर ठेवला तरी ते निवळत नाही. मग आई तुरटीचा खडा चार-पाच वेळा पाण्यात फिरवते. तासाभरात गाळ तळाशी बसतो.

रात्रभर तरंगणारे ते कण म्हणजे कलिल, अर्थात कोलॉइड. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना लोटत राहतात. तुरटीतलं धनभारित ॲल्युमिनियम तो भार मारतं; कण एकत्र येतात, जड होतात. पाण्यातले क्षारही हेच काम करतात.

असे कलिल कण किरणोत्सारी प्लुटोनियमलाही वाहून नेऊ शकतात. अणुस्फोटांतून आणि अणुइंधनातून येणाऱ्या प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे २४,१०० वर्षं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, खडकाला चिकटतं. त्यामुळे भूजलाबरोबर ते लांब जाणार नाही, असा भरवसा होता. १९९९ मध्ये अमेरिकेच्या नेवाडातून वेगळीच बातमी आली. १९६८ च्या ‘बेनहॅम’ अणुचाचणीतलं प्लुटोनियम १.३ किलोमीटरवरच्या भूजलात सापडलं. प्रत्येक स्फोटाच्या प्लुटोनियममधलं समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण वेगळं असतं. त्यावरूनच ते कुठलं हे ओळखता आलं. प्रमाण अत्यल्प होतं, पण ते पोचलं होतं चिकणमाती आणि झिओलाइट या खनिजाच्या कलिल कणांवर बसून. पुढे रशियातल्या मायाक या अणुप्रकल्पाजवळही काही किलोमीटरवर ते लोहाच्या ऑक्साइडच्या कणांवर आढळलं.

आता आपल्या शेताकडे या. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि मृगाचं पाणी पिऊन फुगणारी ही काळी जमीन स्मेक्टाइट गटातल्या खनिजांमुळे अशी वागते. त्याच गटातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज बेंटोनाइट नावाच्या मातीत भरपूर असतं. फिनलंडमध्ये ओन्कालो इथे, जमिनीखाली ४०० मीटरहून खोल, वापरलेल्या अणुइंधनाच्या तांब्याच्या डब्यांभोवती बेंटोनाइटच भरायची योजना आहे. ओल लागली की ते फुगतं, फटी बुजवतं आणि पाण्याची वाट अडवतं. मला या मातीचं फार कौतुक वाटतं.

पण हीच माती कलिलही होते. खडकाच्या भेगेत आलेलं पाणी अगदी गोडं असेल, तर फुगलेल्या बेंटोनाइटच्या कडेचे कण सुटून त्याच्याबरोबर वाहू लागतात. स्वित्झर्लंडमध्ये ग्रिमझेलच्या ग्रॅनाइटमधल्या बोगद्यांत शास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. कॅल्शियमसारखे क्षार पुरेसे असले, तर कण गोळा होऊन थांबतात. आजचं खोलवरचं भूजल बऱ्याच ठिकाणी तसं क्षारयुक्त असतं. काळजी आहे ती हजारो वर्षांनी येणाऱ्या हिमयुगाची: वितळलेल्या बर्फाचं, जवळजवळ क्षार नसलेलं पाणी तेवढ्या खोल उतरलं, तर डब्याभोवतीची किती माती झिजेल, याचा हिशोब आजच मांडावा लागतो.