ऊसतोड मजुरांची संसर्गजन्य रोगतपासणी (मराठवाडा)

ऊसतोडीसाठी दरवर्षी गाव सोडणाऱ्या मजुरांमधला क्षयरोग, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही यांसारखा संसर्ग वेळेत हुडकून काढण्यासाठी केलेली तपासणी. ती कुठे, केव्हा आणि कोणत्या पद्धतीने केली म्हणजे त्याच पैशात जास्तीत जास्त माणसे बरी होतात, हा सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्य अर्थशास्त्र या दोन्ही शाखांमधल्या पीएच.डी. संशोधनाचा विषय आहे. मराठवाड्यात त्याचे केंद्र बीड जिल्हा. जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतूनही टोळ्या निघतात आणि पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे जातात.

स्थलांतरितांच्या तपासणीचे बरेचसे अर्थशास्त्र युरोपात घडले. इंग्लंडमध्ये क्षयरोगाचे प्रमाण लाखामागे 150 किंवा त्याहून जास्त असलेल्या देशांतून गेल्या 5 वर्षांत आलेल्या 16 ते 35 वयाच्या लोकांची सुप्त क्षयसंसर्गासाठी, म्हणजे जंतू शरीरात असूनही माणूस आजारी नसतो अशा संसर्गासाठी, तपासणी केली जाते. युरोपीय रोग प्रतिबंध व नियंत्रण केंद्राने 2018 मध्ये नव्याने आलेल्या स्थलांतरितांसाठी सविस्तर मार्गदर्शिका काढली. या सगळ्यामागे एक गृहीत आहे : माणूस एकदा येतो आणि मग तिथेच राहतो. ऊसतोड मजूर येतो तसाच परत जातो आणि पुढच्या वर्षी कदाचित दुसऱ्याच कारखान्यावर असतो. त्यामुळे युरोपातली गणिते मराठवाड्यात जशीच्या तशी बसत नाहीत. इथल्या संशोधकाला पंचांगापासून सुरुवात करावी लागते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या हलतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते आणि ती फिटेपर्यंत काम करावे लागते. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपले, की माणसे गावी परततात. मधले पाच-सहा महिने मुक्काम कोपीत : बांबूच्या कामट्या, वर ताडपत्री किंवा पाचट, आत चूल आणि वाकून शिरावे लागेल एवढे दार. रात्री थंडीमुळे ते दारही झाकलेले असते. अशा एका कोपीत चार-पाच जण झोपतात. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात आणि त्यांना बंद जागेत दाटीने झोपलेली माणसेच लागतात.

क्षयरोग हा या विषयाचा कणा आहे. 2019–21 च्या राष्ट्रीय क्षयरोग प्रादुर्भाव सर्वेक्षणात 15 वर्षांवरील लोकसंख्येत जंतुचाचणीने सिद्ध झालेल्या क्षयाचे प्रमाण लाखामागे 316 आढळले. लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे 64 टक्के लोकांनी उपचारच शोधले नव्हते. छातीचा एक्स-रे काढला नसता तर 42.6 टक्के रुग्ण निसटले असते, हा त्यातला आकडा ऊसतोडीच्या संदर्भात फार मोलाचा आहे. ‘दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का?’ या प्रश्नावर विसंबलेली तपासणी तिथेच अडते. पहाटेची थंडी, चुलीचा धूर आणि पाचटाची धूळ यांत खोकला सगळ्यांनाच असतो, म्हणून तो सांगण्यासारखा आहे असे कुणाला वाटत नाही.

थुंकीचा नमुना घेणे ही ऐकायला साधी गोष्ट, पण फडावर, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात, तीच सर्वांत अवघड. जंतू असतात ते छातीतून खाकरून काढलेल्या बेडक्यात. नुसत्या लाळेचा उपयोग नसतो, आणि आशाताईंना हे प्रत्येकाला समजावून सांगावे लागते. दोन नमुन्यांपैकी एक पहाटे उठल्यावरचा लागतो. इकडे टोळी पहाटे तीन-चार वाजताच फडाकडे निघालेली असते. डबी कोपीत राहते, दिवसभर मोळ्या बांधून बाई परत येते तेव्हा स्वयंपाक वाट पाहत असतो, आणि डबी दुसऱ्या दिवशी कोरीच परत जाते. कागदावर याची नोंद ‘नमुना दिला नाही’ अशी होते. या तीन शब्दांत बाईचा दोष दिसतो, वेळापत्रकाचा दिसत नाही. चांगल्या प्रबंधाने ही नोंद जशीच्या तशी स्वीकारू नये.

यंत्रांची तुलना हा अशा संशोधनाचा नेहमीचा भाग असतो. सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी स्वस्त आहे, पण मिलिलिटरमागे साधारण 10,000 जंतू असल्याशिवाय ती सहसा रोग दाखवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये मान्यता दिलेली सीबीनॅट ही जंतूंची जनुके ओळखणारी चाचणी कितीतरी संवेदनशील आहे. मात्र तिला स्थिर वीज आणि थंड खोली लागते. गोव्यात विकसित झालेले ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते आणि क्षयाचे निदान साधारण तासाभरात देते. त्याला जागतिक मान्यता 2020 मध्ये मिळाली. हातात धरता येणारे एक्स-रे यंत्रही आता उपलब्ध आहे.

खर्च वाचवण्याची एक जुनी युक्ती म्हणजे नमुने एकत्र करून तपासणे. अमेरिकेतल्या रॉबर्ट डॉर्फमन यांनी 1943 मध्ये सैन्यभरतीतल्या सिफिलिस तपासणीसाठी ती मांडली. पाच जणांचे नमुने मिसळून एकच चाचणी करायची. ती निगेटिव्ह आली तर पाचही सुटले, पॉझिटिव्ह आली तरच प्रत्येकाची वेगळी चाचणी करायची. रोगाचे प्रमाण 1 टक्का असेल तर 100 माणसांना सरासरी 25 चाचण्या पुरतात. 10 टक्के असेल तर 61 लागतात. 30 टक्क्यांवर गेले की 100 पेक्षाही जास्त लागतात, म्हणजे युक्ती उलटते. शिवाय मिसळण्यामुळे जंतू विरळ होतात आणि सौम्य रुग्ण निसटू शकतो. म्हणून गावातल्या सरसकट तपासणीला ही पद्धत बरी. कोपीत आधीच एक रुग्ण सापडलेला असेल, तर तिथल्या माणसांची तपासणी स्वतंत्रच व्हावी.

किफायत मोजताना छेदात काय धरायचे, यावर सगळे निष्कर्ष फिरतात. समजा, एका पथकाने 1,000 मजुरांची माणशी 200 रुपये खर्चून तपासणी केली आणि 5 रुग्ण सापडले. प्रति रुग्ण खर्च 40,000 रुपये. त्यांतल्या दोघांनीच औषधे पूर्ण केली, तर बऱ्या झालेल्या माणसामागचा खर्च 1,00,000 होतो. दुसऱ्या पथकाने माणशी 300 रुपये खर्चले, तेवढेच रुग्ण शोधले, पण चौघांना उपचार पूर्ण करेपर्यंत सांभाळले. तिथे बऱ्या झालेल्या माणसामागे 75,000 रुपये पडले. महाग दिसणारी तपासणी इथे स्वस्त ठरली. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार हा फायदा ‘क्वाली’त, म्हणजे आरोग्याच्या दर्जानुसार तोललेल्या आयुष्याच्या वर्षांत मांडतात. भारतात अशा मूल्यमापनासाठी आरोग्य संशोधन विभागाच्या अखत्यारीत आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनाची यंत्रणा आहे.

खर्च कुणाचा, हाही प्रश्न आहेच. सरकारी हिशेबात औषध, यंत्र, पगार आणि जीपचे डिझेल येते. मजुराच्या हिशेबात खाडा येतो. एक दिवस दवाखान्यात गेला की त्या दिवसाची मजुरी बुडते, वर खाड्याचे पैसे कापले जातात, आणि जोडीदार एकटा पडल्याने अख्खा कोयता थांबतो. ही रक्कम न धरता तपासणीला ‘मोफत’ म्हणणे चूक आहे.

यानंतर मुद्दा येतो महिन्यांचा. साध्या क्षयाचे उपचार सहा महिन्यांचे असतात, आणि पट्टा पडल्यापासून पुन्हा टोळी निघेपर्यंत माणूस गावात राहतो तोही जवळपास तेवढाच काळ. एप्रिलमध्ये परतल्या परतल्या तपासणी झाली तर उपचार गावातच, ओळखीच्या आशाताईंच्या नजरेखाली पूर्ण होतात. सप्टेंबरात निदान झाले तर औषधांची पुडी घेऊन माणूस कर्नाटकात जातो. सरकारी मोहिमांचे वेळापत्रक मात्र या पंचांगाकडे पाहून ठरत नाही. 7 डिसेंबर 2024 ला देशातल्या 347 जिल्ह्यांत सुरू झालेली 100 दिवसांची क्षयरोग मोहीम नेमकी गाळपाच्या हंगामातली होती. या काळात गावात गेलेल्या पथकाला ऊसतोड मजुराच्या घरी म्हातारी माणसे आणि नातवंडे भेटतात. त्यांचीही तपासणी व्हायलाच हवी; पण ज्याला शोधायचे तो फडावर असतो.

पोहोचण्याचा खर्च एकदाच होत असल्याने त्याच फेरीत इतर चाचण्या जोडणे परवडते. बोटातल्या थेंबभर रक्तावर हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही या दोन्हींची प्राथमिक चाचणी होते. एचआयव्हीच्या बाबतीत 2017 च्या कायद्याने माहितीपूर्वक संमती आवश्यक केली आहे आणि नोकरीसाठी चाचणीची सक्ती करायला मनाई आहे.

संमतीचा पेच इथे वेगळा आहे. टोळीची यादी मुकादमाकडे असते आणि आजचा फड कोणता हे कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीची देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याला, ठाऊक असते. संशोधकाला टोळीपर्यंत त्यांच्याच मार्फत जावे लागते. मुकादमाने ‘करा तपासणी’ म्हटले म्हणजे मजुराने होकार दिला असे होत नाही. रोग निघाला तर पुढच्या वर्षी उचल मिळणार नाही, ही भीती खरी आहे. म्हणून निकाल फक्त त्या माणसाला, शक्यतो गावी परतल्यावर किंवा कोपीपासून लांब सांगावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत अशा असुरक्षित गटांसाठी जादा काळजी सांगितली आहे.

रुग्ण सापडल्यावर घरच्यांची तपासणी दोन ठिकाणी विभागते : अर्धे घर कोपीत, अर्धे गावात. निक्षय या सरकारी क्षयरुग्ण-नोंदणी पोर्टलवर रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात वळवता येते, आणि पोषणासाठी नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1,000 रुपयांप्रमाणे पैसे खात्यात जमा होतात. संसर्ग झालेल्या पण आजारी नसलेल्यांसाठी रोज सहा महिने गोळी घेण्याऐवजी आठवड्यातून एकदा, अशा 12 मात्रांचा प्रतिबंधक उपचार आहे. जून-जुलैत तो सुरू केला तर टोळी निघण्याआधी बाराही मात्रा संपतात.