गुन्हा रद्द करून घेणं आणि दोषमुक्ती: बलात्काराच्या खटल्यात कोणता अर्ज कुठे, कधी

‘हायकोर्टात क्वॉशिंग टाकलंय, आता अटक होत नाही’ असं आरोपीच्या घरचे छातीठोकपणे सांगतात. दोन आठवड्यांनी पोलीस दारात उभे राहिले की वकिलाला फोन जातो. दुसऱ्या बाजूला, दोषारोपपत्र येऊन वर्ष झालं तरी ‘डिस्चार्ज मिळाला की निर्दोष सुटलो’ या समजुतीत राहणारेही कमी नाहीत. गुन्हा रद्द करणं (क्वॉशिंग) आणि दोषमुक्ती (डिस्चार्ज, म्हणजे आरोप ठेवण्याआधीच आरोपीला मोकळं करणं), दोन्हींचा हेतू साक्षीपुराव्याआधीच खटला संपवणं हाच असल्यामुळे ते एकच वाटतात. पण कोर्ट वेगळं, वेळ वेगळी आणि परिणामही वेगळा. सगळ्यात मोठा फरक मात्र न्यायाधीश तुमचे कोणते कागद वाचतील हा आहे. अर्ज कुठला टाकायचा ते त्यावरूनच ठरवावं.

गुन्हा रद्द करण्याचा अर्ज उच्च न्यायालयात जातो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली किंवा राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली. दोषमुक्तीचा अर्ज ज्या कोर्टात खटला चालणार तिथेच द्यायचा. बलात्काराचा खटला सत्र न्यायालयात चालतो, म्हणून कलम 250. विनयभंगासारखा गुन्हा दंडाधिकाऱ्यांपुढे असेल तर कलम 262.

आकड्यांचा घोळ इथे हमखास होतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 482 म्हणजे गुन्हा रद्द करण्याचं कलम. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन. इंटरनेटवरून उतरवलेल्या जुन्या मसुद्यात कलम तसंच राहून जातं आणि अर्ज कार्यालयीन हरकतीत अडकतो.

आधी अटकेचा प्रश्न निकाली काढू. या दोन्ही अर्जांतला एकही जामीन नाही. क्वॉशिंगची याचिका दाखल आहे म्हणून पोलिसांचे हात बांधले जात नाहीत. निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या एप्रिल 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना स्पष्ट बजावलं की, रद्द करण्याच्या अर्जात ‘कठोर कारवाई करू नये’ असे अंतरिम आदेश सरसकट देऊ नयेत, आरोपीला अटकपूर्व जामिनाचा मार्ग मोकळा आहे. तेव्हा अटकेची भीती असेल तर जामिनाचा अर्ज वेगळा आणि आधी. त्यातही एक अडसर आहे: पीडिता 16 वर्षांखालची असेल (भारतीय न्याय संहिता कलम 65) किंवा 18 वर्षांखालील मुलीवर सामूहिक बलात्काराचा आरोप असेल (कलम 70(2)) तर अटकपूर्व जामिनाचं कलम लागूच होत नाही.

आता उच्च न्यायालयातला अर्ज. तो फिर्याद नोंदल्याच्या दुसऱ्या दिवशीही करता येतो आणि दोषारोपपत्र दाखल झाल्यावरही. कसोटी मात्र कडक आहे. भजनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सात प्रकार सांगितले. फौजदारी वकिलीत रोज लागणारे दोन: फिर्यादीतलं सगळं खरं मानलं तरी गुन्हाच होत नाही, किंवा फिर्याद सूडापोटी, आकसाने केलेली आहे. लैंगिक गुन्ह्यात दुसऱ्यावर भर देण्याचा मोह फार होतो, पण टिकतो तो पहिला. ‘ती खोटं बोलते’ हे ठरवायला साक्ष लागते, उलटतपासणी लागते, आणि उच्च न्यायालय या टप्प्यावर ते काम करत नाही. ‘ती जे सांगते तेच खरं धरा, तरी हा बलात्कार नाही’ हा मुद्दा मात्र ऐकला जातो.

म्हणूनच लग्नाच्या आमिषाची प्रकरणं रद्द होतात तेवढी इतर होत नाहीत. ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला आणि कसोटी स्वच्छ मांडली: वचन देतानाच ते पाळायचा इरादा नव्हता हे दिसलं पाहिजे, आणि त्या खोट्या वचनाचा स्त्रीच्या निर्णयाशी थेट संबंध हवा. नंतर मोडलेलं वचन म्हणजे खोटं वचन नव्हे. फिर्यादीतच अनेक वर्षांचं नातं, लग्नातल्या अडचणी दोघांना ठाऊक, त्यानंतरही संबंध चालू, असं लिहिलेलं असेल तर मुद्दा फिर्यादीच्याच कागदावर उभा राहतो.

1 जुलै 2024 नंतरच्या घटनांसाठी इथे एक नवी गोष्ट आली आहे. लग्नाचं खोटं वचन देऊन ठेवलेले, पण बलात्कारात न बसणारे संबंध यासाठी न्याय संहितेत स्वतंत्र कलम 69 आहे. शिक्षा 10 वर्षांपर्यंत, किमान मर्यादा नाही. कलम 64 च्या बलात्काराला मात्र किमान 10 वर्षं. त्यामुळे ‘बलात्कार नाही’ एवढा जुना युक्तिवाद जिंकला तरी गुन्हा पूर्ण रद्द होईलच असं नाही, 69 शिल्लक राहू शकतं. उलट घटना 1 जुलै 2024 पूर्वीच्या असतील तर 69 लावताच येत नाही, तेव्हाची दंडसंहिताच लागू होते. कितीतरी फिर्यादींत ‘2022 पासून आजपर्यंत’ असा कालावधी असतो. तिथे कुठली घटना कुठल्या कायद्यात पडते, हे तारीखवार मांडलं नाही तर युक्तिवाद भरकटतो.

घाईत केलेल्या क्वॉशिंगची अडचण अशी की तुम्ही अर्धे कागद न पाहता लढता. तपास चालू असताना हातात असते फक्त फिर्यादीची प्रत. पीडितेने दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 चा जबाब (पूर्वीचा 164) दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत आरोपीला मिळत नाही. फिर्याद त्रोटक असते, 183 च्या जबाबात जबरदस्तीचा प्रसंग तपशिलाने येतो, आणि सरकारी वकिलांनी तो सीलबंद लिफाफ्यातून न्यायमूर्तींपुढे ठेवला की तुमचा मुद्दा तिथेच संपतो. वकिलांमध्ये यावर दोन मतं आहेत. आमच्या मते फिर्यादीतच गुन्हा होत नसेल तर लगेच जा. होत असेल तर दोषारोपपत्राची वाट पाहा. दरम्यान दोषारोपपत्र आलं तर याचिकेत दुरुस्ती करून तेही आव्हानाखाली आणा. नुसती फिर्याद रद्द करण्याची मागणी तशीच ठेवून सुनावणीला उभं राहिलात तर पहिला प्रश्न त्याचाच येतो.

दाखल करताना: फिर्यादीची प्रत आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर, राज्य प्रतिवादी क्र. 1, फिर्यादी स्त्री प्रतिवादी क्र. 2. तिला ऐकल्याशिवाय आदेश होत नाही आणि व्हायलाही नको. तिचं नाव, पत्ता, गावाची ओळख पटेल असा तपशील शीर्षकात किंवा जोडपत्रात येऊ देऊ नका. ‘क्ष’ लिहा, चॅटमधला तिचा नंबर, फोटो झाका. ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम 72 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जावं लागतं.

‘तडजोड झाली, आता रद्द होईल ना?’ हा प्रश्न दर दुसऱ्या कुटुंबाकडून येतो. सर्वसाधारण उत्तर नाही. 2012 पासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका आहे की खून, दरोडा, बलात्कार हे गुन्हे दोघांच्या समझोत्याने मिटत नाहीत, ते समाजाविरुद्धचे आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये राजस्थानातल्या एका पोक्सो (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) प्रकरणात उच्च न्यायालयाने समझोत्यावर रद्द केलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तडजोडीनंतर बलात्काराचा गुन्हा रद्द केला, पण अपवादात्मक परिस्थिती म्हणून. त्या अपवादावर घर बांधू नये. आणि प्रतिज्ञापत्रासाठी तिच्या घरी माणसं पाठवणं म्हणजे जामीन रद्द होण्याला आमंत्रण. साक्षीदारावर दबावाची नवी फिर्याद तयारच असते.

दोषमुक्तीचा अर्ज याच्या नंतरचा. दोषारोपपत्र दाखल होतं, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 230 प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून 14 दिवसांत प्रती द्यायच्या असतात, दंडाधिकारी खटला सत्र न्यायालयाकडे सुपूर्द करतात, आणि त्या तारखेपासून 60 दिवसांत आरोपीने अर्ज द्यायचा. ही 60 दिवसांची अट नवी आहे. जुन्या सवयीने ‘चार्जच्या (आरोप ठेवण्याच्या) तारखेला बघू’ म्हणणारे अडचणीत येतात. पोक्सोचं विशेष न्यायालय थेट दखल घेतं, तिथे सुपूर्दीची पायरीच नाही, त्यामुळे प्रती मिळाल्या की दिवस मोजायला लागा. प्रती घेताना पानं मोजून सही करा. वैद्यकीय अहवाल, मोबाईलचा न्यायवैद्यक अहवाल, सीडी यांपैकी काहीतरी राहिलेलं असतंच, आणि ते लेखी मागितल्याशिवाय मिळत नाही.

इथे न्यायाधीश काय वाचतात? पोलिसांचे कागद, बस. देबेंद्रनाथ पाधी निकालापासून नियम पक्का आहे की आरोप ठेवण्याच्या टप्प्यावर बचावाचे कागद बघायचे नाहीत. न्यायाधीश चाळणी लावू शकतात, नुसता संशय असेल आणि तो गंभीर नसेल तर आरोपीला मोकळं करू शकतात, हे 1979 पासून मान्य आहे. पण बलात्काराच्या खटल्यात पीडितेचा एकटा जबाबसुद्धा आरोप ठेवायला पुरतो. ‘वैद्यकीय अहवालात जखमा नाहीत’, ‘फिर्याद आठ महिने उशिरा’ हे मुद्दे खटल्यात उपयोगाचे, इथे जवळपास निरुपयोगी.

एकच पुरावा दोन्हीकडे कसा चालतो ते पाहा. समजा आरोपीच्या फोनमध्ये कथित घटनेनंतरच्या तीन महिन्यांचे व्हॉट्सअॅप संदेश आहेत. सत्र न्यायालयात दोषमुक्तीच्या अर्जाला ते जोडले तर सरकारी वकील एका वाक्यात सांगतील, हा बचाव आहे, खटल्यात मांडा. आणि ते बरोबर असेल. तेच संदेश पोलिसांनी फोन जप्त करून काढले आणि न्यायवैद्यक अहवालात आहेत, पण दोषारोपपत्रात जोडले नाहीत, तर चित्र पालटतं. स्वयंघोषित गुरू नित्यानंदांवरच्या बलात्काराच्या खटल्यातून आलेल्या डिसेंबर 2017 च्या निकालानुसार तपास अधिकाऱ्याने दडवलेला, निर्विवाद दर्जाचा पुरावा न्यायालय आरोप ठेवण्याआधीही मागवू शकतं. तेव्हा आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली मागवण्याचा अर्ज, मग दोषमुक्ती. उच्च न्यायालय आरोपीकडचे संदेश पाहू शकतं, पण ते निर्विवाद असतील, फिर्यादी पक्षाला खोडता येत नसतील तरच. तिने ‘अर्धेच दाखवलेत’ एवढं म्हटलं की वाद उभा राहतो आणि उत्तर येतं, खटल्यात जा. म्हणून सोयीचे चार स्क्रीनशॉट नकोत. संपूर्ण संभाषण, भारतीय साक्ष अधिनियम कलम 63(4) चं भाग ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही भरलेलं प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) हवी. फोन फॉरमॅट करू नका, बदलू नका, दुरुस्तीला देऊ नका.

दोषमुक्तीचा खरा उपयोग बहुतेक वेळा पूर्ण सुटका हा नसतोच. तो कलमं गाळण्यासाठी होतो. मुलगी 18 वर्षांवरची आहे हे शाळेच्या दाखल्यावरून दोषारोपपत्रातच दिसत असेल, तर पोक्सोची कलमं जातात आणि त्याबरोबर त्या कायद्यातलं आरोपीविरुद्धचं गृहीतकही (गुन्हा केलाच असं धरून चालणं) जातं. वयासाठी क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसेल तर पालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. दाखला उपलब्ध असताना एक्स-रेच्या अहवालावर भिस्त ठेवणारा अर्ज फेटाळला जातो. तसंच नुसत्या ओळखीमुळे गोवलेले आईवडील, भाऊ, मित्र यांची नावं याच टप्प्यावर गळतात. त्यांच्यासाठी मुख्य आरोपीपासून वेगळा अर्ज द्या, एकत्र अर्जात त्यांचा भक्कम मुद्दा झाकला जातो.

दोन्ही अर्जांना सारखीच बुडवणारी एक चूक म्हणजे तिच्या चारित्र्यावर लिहिणं. पूर्वीचे संबंध संमतीच्या प्रश्नावर पुरावा म्हणून ग्राह्यच नाहीत (साक्ष अधिनियम कलम 48), आणि सर्वोच्च न्यायालयाने निषिद्ध ठरवलेल्या दोन बोटांच्या चाचणीचा दाखला देणारा वकील 2022 नंतरही सापडतो याचं नवल वाटतं. दुसरी चूक म्हणजे संपूर्ण बचाव अर्जात ओतणं. अर्ज फेटाळला तर फिर्यादी पक्षाला उलटतपासणीचा आराखडा आधीच मिळालेला असतो. कायद्याच्या मुद्द्यापुरतं लिहा, बाकी मुठीत ठेवा.

दोषमुक्ती नाकारली आणि आरोप ठेवले गेले की तो अर्ज पुन्हा नाही. पुढे फक्त शिक्षा किंवा निर्दोष मुक्तता. त्या नकाराविरुद्ध मार्ग पुनरीक्षणाचा (वरच्या कोर्टाकडून आदेश तपासून घेण्याचा), नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 438 खाली, 90 दिवसांत. दोषमुक्ती मिळाली तरी राज्य किंवा पीडिता त्याविरुद्ध तोच मार्ग धरू शकतात, आणि कलम 337 च्या स्पष्टीकरणात लिहिलंच आहे की दोषमुक्ती म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. नवा पुरावा आला तर खटला पुन्हा उभा राहू शकतो. गुन्हा रद्द झाला तर मात्र फिर्यादीसह तिच्या आधारावरची पुढची सगळी कारवाई जाते. पण पोलीस ठाण्याची नोंद आपोआप बदलत नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत पोलीस ठाण्यात आणि खालच्या कोर्टात स्वतः नेऊन द्या, दोन्हीकडे शिक्क्यानिशी पोच घ्या, आणि पासपोर्ट जमा असेल तर तो परत मिळवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या.