नातीची तयारी आजीच्या पोटात

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी कोल्हापूरच्या गंगावेशीतून समोर धार काढून दिलेलं म्हशीचं दूध आणलं, आणि गडबडीत ते तापवायचं राहिलं. दुपारी चहासाठी पातेलं गॅसवर ठेवलं तर दूध फाटलं. वर हिरवट पिवळं पाणी, खाली चोथा. "दुधात व्हायरस शिरला बघ," काकू म्हणाल्या. त्यांच्या सासूबाईंच्या मते दृष्ट लागली होती, पातेल्यात कोळशाचा खडा टाकायला हवा होता.

दृष्टीनं दूध नासत नाही. कोळशानं पातेलं काळं होतं, एवढंच. आणि हा व्हायरसचाही उद्योग नव्हे. दुधातली साखर खाऊन आम्ल करणारे असतात ते बॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. जिवाणू संसारी असतो: स्वतःची चूल, स्वतःचं भांडंकुंडं. व्हायरसला, म्हणजे विषाणूला, चूलच नसते.

जिवाणू वाढतात ते दुभंगून. ज्याचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो आपल्या आतड्यातला ई. कोलाय 37 अंशांना, खाणं भरपूर असेल तर, 20 मिनिटांत एकाचे दोन होतो. सात तासांत 21 वेळा, म्हणजे एकाचे जवळपास 21 लाख. दुधातले जिवाणू घरच्या तापमानाला एवढे वेगवान नसतात, पण तिथं सुरुवातच हजारोंनी झालेली असते.

मला वेड लावणारी गोष्ट पुढे आहे. दुभंगण्याआधी डीएनएची, म्हणजे जिवाणूची सगळी कृती लिहिलेल्या लांब साखळीची, पूर्ण नक्कल व्हावी लागते. ई. कोलायचा डीएनए म्हणजे एक बांगडी, सुमारे 46 लाख अक्षरजोड्यांची. नक्कल एका ठरावीक जागी सुरू होते. तिथून दोन यंत्रणा दोन दिशांना सुटतात, सेकंदाला साधारण हजार अक्षरं उतरवत जातात आणि बांगडीच्या पलीकडच्या बाजूला भेटतात. याला लागतात 40 मिनिटं. मग दोन प्रती वेगळ्या होऊन मध्ये भिंत पडायला आणखी 20. झाला एक तास. मग 20 मिनिटांत दुभंगणं जमतं कसं?

उत्तर दिलं स्टीफन कूपर आणि चार्ल्स हेल्मस्टेटर या शास्त्रज्ञांनी, 1968 साली. कोल्हापूरहून पुण्याला पोचायला पाच तास लागतात, म्हणून स्टँडवरून दर पाच तासांनीच गाडी सुटते असं नाही. पहिली गाडी वाटेत असतानाच दुसरी निघते. जिवाणूतही पहिली नक्कल पुरी व्हायच्या आत, अर्धवट तयार झालेल्या दोन्ही प्रतींवरच्या त्याच सुरुवातीच्या जागेवरून पुढची फेरी सुटते. डीएनएला फांदीवर फांदी फुटते. हिशोब मांडून पाहा: जो जिवाणू आत्ता दुभंगतोय, त्याच्या या वाटणीसाठीची नक्कल त्याच्या आजीच्या अंगात सुरू झाली आणि आईच्या अंगात पुरी झाली. त्याच्या स्वतःच्या 20 मिनिटांत चालू असतात त्या लेकींच्या आणि नातींच्या वाटणीच्या नकला!

विषाणू दुभंगत नाही, त्याची जुळणी होते. जिवाणूंना मारणारा टी4 नावाचा विषाणू ई. कोलायला चिकटतो आणि फक्त आपला डीएनए आत सोडतो. त्यानंतर काही मिनिटं तो जिवाणू फोडून पाहिला तर आत एकही धड विषाणू सापडत नाही. जिवाणूच्याच चुलीवर डोकी वेगळी, शेपट्या वेगळ्या, पाय वेगळे तयार होत असतात. मग भाग जोडले जातात आणि साधारण 25 मिनिटांत जिवाणू फुटून शंभरावर विषाणू बाहेर पडतात.

सर्दीला अँटिबायोटिक का लागू पडत नाही, ते इथं कळतं. जिवाणूची नक्कल चालू असताना पुढच्या डीएनएला पीळ बसत जातो. तो सोडवणारं जायरेज नावाचं एन्झाइम, म्हणजे कामकरी प्रथिन, सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक अडकवून ठेवतं. सर्दीच्या नेहमीच्या विषाणूकडे ना जायरेज, ना डीएनए. त्याचा सगळा कारभार आरएनएवर, म्हणजे डीएनएच्या भाऊबंदावर. तरी मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणून दोन दिवस घेणारे घरोघरी आहेत, आणि त्यात आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू मात्र हकनाक मरतात. कृपा करून असं करू नका.

दुधाशी विषाणूचा संबंधच नाही, असं मात्र नाही. दूध नुसतं दूध असेल तर त्यात तो वाढत नाही. पण विरजणातल्या जिवाणूंवर पोसणारे विषाणू असतात. मोठ्या डेअरीत ते शिरले की जिवाणू फुटत जातात, आम्ल तयार होत नाही आणि टाकीभर दूध दही न लागता तसंच राहतं. म्हणून अशा डेअऱ्या एकच विरजण कायम वापरत नाहीत, वेगवेगळ्या वाणांचे जिवाणू आलटून पालटून घालतात.