मोर्चा, बार, कंपू : पायदळाची भाषा गेली कुठे?

मोर्चा पूर्वी जागचा हलत नसे. फारसी ‘मोर्चाल’ म्हणजे खंदक. किल्ल्याला वेढा पडला की मातीचे बांध घालून त्यांच्या आड तोफा नि बंदूकवाले बसवायचे, याला मोर्चे लावणे म्हणत. आता मोर्चा निघतो, धडकतो, पोलीस तो अडवतात. ‘मोर्चेबांधणी’त मात्र ती जुनी माती अजून शाबूत आहे.

पायदळाच्या आपल्या शब्दांत असे बरेच थर सापडतात. सर्वांत खालचा थर पाईक. संस्कृत ‘पदातिक’, प्राकृत ‘पाइक्क’, मग आपला पाईक. तुकोबांनी पाईकीचे अभंग लिहिले, त्यामुळे हा शिपाई विठ्ठलाच्या चाकरीत कायमचा रुजू झाला. त्याचा फारसी भाऊबंद ‘प्यादे’ बुद्धिबळाच्या पटावर राहिला.

शिवकाळातल्या पायदळाची उतरंड बखरकार सभासदाने नोंदवली आहे. दहा माणसांस एक नाईक, पन्नासांस एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. नाईक हा संस्कृत नायक. वरचे तिघे फारसी वळणाचे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, त्यात शस्त्रांचा आणि चतुरंग सैन्याचा वेगळा वर्ग आहे. पण हवालदार काही हटला नाही. तो आजही सैन्यात आहे आणि चौकीतही.

हत्यारांत सगळ्यात जास्त शब्द मागे ठेवले ते तोड्याच्या बंदुकीने. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी. पेटवली की धुमसत राहते. नळीत दारू ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची, नळीच्या कानाशी, म्हणजे बारीक भोकाशी, रंजक म्हणजे पेट घ्यायची बारीक दारू भरायची आणि मग धुमसता तोडा त्यावर टेकवायचा. एवढ्या खटाटोपानंतर एक बार. पुष्कळदा रंजकच भुर्रकन जळून जायची आणि गोळी आत तशीच. पावसात तर तोडा सांभाळणे हेच काम, तेव्हा तलवार, ढाल आणि विटा नावाचा भाला हाताशी लागतच. लग्नाचा ‘बार उडवून देणारे’ वधूपिते ही सगळी यातायात नकळत बोलून दाखवतात, आणि ते बरोबरच आहे.

अठराव्या शतकात फिरंगी कवायत आली आणि शब्दही तिकडचे आले. फ्रेंच ‘गार्द’वरून गारदी. फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान निजामाकडून भाऊसाहेबांकडे आला. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठ्यांच्या डाव्या बगलेला त्याचेच गारदी फळी धरून लढले. शब्दाला ही अब्रू लाभायला हवी होती. पण 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले, आणि मराठीत गारदी म्हणजे मारेकरी, हेच पक्के झाले.

महादजी शिंद्यांनी 1784 मध्ये डी बॉयन या युरोपीय सेनानीला चाकरीत घेतले. त्याने उभ्या केलेल्या पलटणी आणि त्यांचे कंपू उत्तरेत दबदबा राखून होते. एका कंपूत हजारो शिपाई, सोबत स्वतःच्या तोफा. आजच्या कंपूला चार माणसे आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो.