फॅलँक्स
प्राचीन ग्रीसमधील हॉप्लाइट, म्हणजे जड ढाल-भालेकरी पायदळ, ज्या दाट रांगांत लढे ती युद्धरचना. होमरच्या काव्यात हा शब्द सैनिकांच्या रांगांसाठी येतो. तेवढ्यावरून नंतरचा व्यूह त्या काळी होता असे ठरत नाही.

व्यूहाचा उगम वादग्रस्त आहे. सु. इ. स. पू. ७०० मध्ये नवी गोल ढाल आली आणि तिच्याबरोबरच व्यूहही, असे जुने मत. ढालीचा व्यास सु. ९० सेंमी., वजन ६ ते ८ किग्रॅ. डावा हात मधल्या कड्यातून कोपरापर्यंत सरकवून काठाजवळची दोरी मुठीत धरत. त्यामुळे ढालीचा निम्मा भाग धरणाऱ्याच्या डाव्या बाजूस बाहेर राहतो व शेजाऱ्याचे उघडे उजवे अंग झाकतो. म्हणून ती रांगेसाठीच घडवली असावी, हा युक्तिवाद. पुरावा म्हणून कीजी कलश हे चित्रे रंगवलेले ग्रीक मातीचे भांडे (सु. इ. स. पू. ६५०–६४०) दाखवतात : त्यावर समोरासमोर भिडणाऱ्या रांगा आणि पावा वाजवणारा आहे. मात्र त्याच कलशावर योद्ध्यांजवळ दोन-दोन भाले असून काही भाल्यांना फेकण्यासाठी बोटे अडकवायचे दोरीचे फास आहेत. फेकायला हात मोकळा लागतो, रांग विरळ लागते. आधुनिक इतिहासकारांपैकी ॲंथनी स्नॉडग्रासच्या मते साधने एकेक करून आली, व्यूह मागाहून. हान्स व्हॅन वेस दाट रांग आणखी उशिराची मानतो. व्यूह हळूहळू घडला, हे मत पुराव्याशी अधिक जुळते.

अभिजात काळात (इ. स. पू. पाचवे-चौथे शतक) व्यूहाची खोली बहुधा ८ रांगांची, भाला २ ते २·५ मी. लांब. उजव्या शेजाऱ्याच्या ढालीआड अंग चोरण्याच्या ओढीने सगळी फळी चालताना उजवीकडे सरकते, असे ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीझ मँटिनीयाच्या लढाईविषयी (इ. स. पू. ४१८) सांगतो. तेथे डावी बाजू वेढली जाईल म्हणून स्पार्टाचा राजा एजिस याने तिला आणखी डावीकडे सरकवले. पडलेले खिंडार बुजवण्यास उजवीकडील दोन तुकड्यांना हुकूम दिला. त्यांचे नायक हललेच नाहीत. शत्रू खिंडारातून आत घुसला. उरलेल्या फळीच्या जोरावर स्पार्टाने लढाई मात्र जिंकली.

ल्यूक्ट्रा येथे (इ. स. पू. ३७१) सेनापती एपामिनाँडसने थीब्ज या नगरराज्याच्या सैन्याची डावी बाजू ५० रांगांची केली, समोर स्पार्टाच्या सु. १२ होत्या. मॅसिडोनियन व्यूहात दोन्ही हातांनी पेललेला सॅरिसा हा लांब भाला असे. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या हिशोबाने पहिल्या सैनिकापुढे पाच रांगांची टोके येत. अशा व्यूहाला सपाट, मोकळी जमीन लागे : पिडना येथे (इ. स. पू. १६८) चढउतारावर त्यात फटी पडल्या आणि रोमन तुकड्या त्यांतून शिरल्या.