व्यक्तिमत्त्वगुण आणि बुद्धिमत्ता

माणसाच्या स्वभावातील टिकाऊ गुणविशेष आणि त्याची बौद्धिक क्षमता यांचा परस्परसंबंध हा मानसशास्त्रातील जुना आणि आजही वादग्रस्त विषय आहे. दोहोंच्या मापनाची रीत मुळातच वेगळी आहे. बुद्धिमापन कसोटीत व्यक्ती जास्तीत जास्त काय करू शकते ते पाहतात, तर व्यक्तिमत्त्व प्रश्नावलीत ती एरवी कशी वागते हे बहुधा तिलाच विचारतात. पुढील बहुतेक मतभेदांचे मूळ या फरकात आहे.

बुद्धी आणि शील यांची फारकत तशी अर्वाचीनच. सांख्यकारिकेत (कारिका २३) धर्म, ज्ञान, विराग आणि ऐश्वर्य ही बुद्धीचीच सात्त्विक रूपे मानली आहेत. गीतेच्या अठराव्या अध्यायातही बुद्धीचे गुणांनुसार तीन भेद येतात. मात्र तेथील बुद्धी म्हणजे निश्चय करणारे तत्त्व होय. चाचणीतील गुणांकाशी तिचा मेळ घालण्याचा मोह टाळलेला बरा.

आधुनिक अभ्यासाचा आरंभ कोठून धरावा? फ्रान्सिस गॉल्टन यांच्या शीलमापनावरील १८८४ च्या लेखाकडे अनेकदा बोट दाखवले जाते. त्या लेखात त्यांनी एका समानार्थी कोशातून स्वभावदर्शक असे सुमारे एक हजार शब्द मोजले होते. बुद्धीशी त्यांची सांगड घातलेली नव्हती. त्यामुळे एडवर्ड वेब यांच्या १९१५ च्या प्रबंधापासून सुरुवात धरणे अधिक सयुक्तिक वाटते. वेब हे चार्ल्स स्पिअरमन यांचे शिष्य. सर्व बौद्धिक कामांमागे एक सामान्य घटक (‘जी’) असतो, हे स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये मांडले होते. वेब यांनी प्रशिक्षण महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या स्वभावगुणांची प्रतवारी त्यांच्याबरोबर वावरणाऱ्या प्रीफेक्टांकडून (शिस्तीची जबाबदारी सोपवलेल्यांकडून) करवून घेतली आणि त्यांच्या बुद्धिचाचण्याही घेतल्या. ‘जी’ बाजूला काढल्यावरही चिकाटी, विश्वासूपणा, कर्तव्यबुद्धी असे गुण एकमेकांना धरून राहत होते. त्यांच्यामागील घटकाला वेब यांनी ‘डब्ल्यू’ म्हटले व ‘हेतूंचे सातत्य’ असा त्याचा अर्थ लावला. ढोबळपणे ही इच्छाशक्तीच. १९१९ मध्ये मॅक्सवेल गार्नेट यांनी वेब यांचीच आकडेवारी नव्याने मांडून चतुराईचा आणखी एक घटक (‘सी’) काढला.

या प्रतवारीवर किती विसंबावे, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवले की, लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसाची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व आणि शील यांना वेगवेगळे गुण देतात खरे, पण ते गुण संशय यावा इतके एकसारखे येतात. एकदा मनात भरलेला माणूस सगळ्याच रकान्यांत वर जातो. वेब यांच्या प्रीफेक्टांना हा दोष लागू नव्हता असे मानायला आधार नाही.

पुढे रेमंड कॅटेल यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सोळा घटकांच्या व्यक्तिमत्त्व प्रश्नावलीत तर्कशक्ती हाच एक घटक (‘बी’) ठेवला. हान्स आयझेंक यांनी मात्र बुद्धी आणि स्वभाव ही दोन स्वतंत्र क्षेत्रे मानली. संशोधकांचा कल सामान्यतः आयझेंक यांच्या बाजूने राहिला आहे.

खरा पेच, स्वभावाचे वर्णन पाच मोठ्या घटकांत करणाऱ्या पंचघटक प्रतिमानातील पाचव्या घटकाचा. बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता आणि भावनिक अस्थिरता या चार घटकांबाबत फारसे दुमत नाही. पाचव्याला वॉरेन नॉर्मन (१९६३) यांनी ‘संस्कृती’ म्हटले, लुईस गोल्डबर्ग यांनी ‘प्रज्ञा’, तर पॉल कोस्टा व रॉबर्ट मॅक्रे यांनी ‘अनुभवांबाबतचा खुलेपणा’. वाद केवळ नावाचा नाही. प्रश्नावलीत कोणती विधाने घालायची, हे त्यावर ठरते. ‘अमूर्त कल्पना समजून घेणे मला जड जाते’ किंवा ‘माझा शब्दसंग्रह मोठा आहे’ अशी विधाने घातली की उत्तर देणारा प्रत्यक्षात स्वतःच्या बुद्धीचा अंदाजच नोंदवत असतो. मग बुद्धिगुणांकाशी सहसंबंध आला तर नवल कसले? कॉलिन डीयंग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या घटकाच्या दोन बाजू वेगळ्या केल्या : कल्पनांशी झुंजण्याची आवड, आणि सौंदर्य व कल्पनारम्यतेची ओढ. बुद्धीशी जवळीक मुख्यतः पहिलीची आहे. ही विभागणी सर्वमान्य नसली, तरी उपलब्ध पुराव्याशी ती सर्वांत चांगली जुळते.

फिलिप अ‍ॅकरमन व एरिक हेगस्टॅड यांच्या १९९७ च्या एकत्रित विश्लेषणात (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून केलेल्या) सामान्य बुद्धिमत्तेशी खुलेपणाचा सहसंबंध (शून्य म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) सुमारे ०·३३, भावनिक अस्थिरतेचा उणे ०·१५ आणि बहिर्मुखतेचा ०·०८ आला. सौजन्य व कर्तव्यदक्षता यांचा जवळपास शून्य. ०·३३ चा वर्ग केला तर जेमतेम ११ टक्के विचरण (माणसामाणसांतील फरक) सामाईक ठरते. २०२२ मधील एका मोठ्या विश्लेषणात खुलेपणाचा आकडा ०·२० च्या आसपास, म्हणजे आणखी खाली आला. हा संबंध नव्या कोड्यांवर चालणाऱ्या ‘प्रवाही’ बुद्धीपेक्षा शब्दज्ञान, माहिती अशा साठत गेलेल्या ‘स्फटिक’ बुद्धीशी अधिक असतो. कॅटेल यांच्या गुंतवणूक सिद्धांताशी हे सुसंगत आहे : कुतूहल असणारा माणूस आपली क्षमता वाचनात, शिकण्यात घालतो आणि कालांतराने ज्ञान साठते.

कर्तव्यदक्षतेबाबत काही नमुन्यांत उलटा, किंचित ऋण सहसंबंध आढळला. त्यावरून बुद्धीची उणीव माणूस कष्टाने भरून काढतो, असा भरपाईचा तर्क मांडला गेला. तो ऐकायला पटतो. पण नमुना कोणाचा, हे आधी पाहायला हवे. गुणांवर प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयात हुशार पण आळशी मुलगा पोचतो, मध्यम बुद्धीचा कष्टाळूही पोचतो. दोन्हींत कमी असलेला दारातच अडतो. उरलेल्यांत बुद्धी आणि कष्ट आपोआप एकमेकांच्या विरुद्ध दिसू लागतात. निवड न झालेल्या लोकसंख्येत हा ऋण संबंध फारसा टिकत नाही.

भावनिक अस्थिरतेचा परिणाम बराचसा परीक्षेच्या धास्तीतून येतो, असे मानतात. अशा वेळी कमी गुण क्षमतेमुळे की धास्तीमुळे, हे एकाच चाचणीवरून सांगता येत नाही. डेव्हिड वेक्सलर यांनी तर चिकाटी, आस्था यांसारख्या बुद्धीतर घटकांना बुद्धिमत्तेच्या व्याख्येतच स्थान द्यावे, असा आग्रह १९४० च्या दशकात धरला होता.

शैक्षणिक यशाच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. आर्थर पोरोपाट यांच्या २००९ च्या विश्लेषणानुसार कर्तव्यदक्षतेचा परीक्षेतील यशाशी असलेला संबंध बुद्धिमत्तेवर फारसा अवलंबून नाही. लुईस टर्मन यांनी १९२१ पासून पाठपुरावा केलेल्या बुद्धिमान मुलांमध्येही, पुढे अधिक यशस्वी व कमी यशस्वी ठरलेल्या पुरुषांतील ठळक फरक चिकाटी आणि आत्मविश्वास यांत दिसले.

मराठीत बुद्धिमापनाची परंपरा व्यक्तिमत्त्वमापनाहून जुनी आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोट्यांचे (फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्यांचे) मराठी व कन्नड मुलांसाठी केलेले रूपांतर १९४० मध्ये ग्रंथरूपाने आले. पुण्यात १९६२ मध्ये वि. वि. (अप्पा) पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने गिलफर्ड यांच्या, बुद्धी अनेक वेगवेगळ्या क्षमतांची बनलेली मानणाऱ्या बुद्धिप्रतिमानाच्या आधारे चाचण्या विकसित केल्या. बुद्धिमान विद्यार्थी निवडून त्यांच्यात प्रेरणा व नेतृत्वगुण रुजवणे, हे या संस्थेच्या कार्याचे सूत्र आहे.