मिठाला सुटतं तेच पाणी लेन्सवर

आषाढात रत्नागिरीकडच्या कुठल्याही स्वयंपाकघरात मिठाची बरणी उघडा, मिठाला पाणी सुटलेलं दिसेल. बरणीत पाऊस गेलेला नसतो. हवेची सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलीच वाफ ओढून विरघळू लागतं. समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर असेच मिठाचे बारीक कण येतात आणि कॅमेऱ्याच्या लेन्सच्या कडेला, बटणांच्या फटीत, बॅटरीच्या टोकांवर बसतात. दमट रात्री तेही ओले होतात आणि धातूला गंज धरतो. म्हणून बॅगेला नुसतं रेनकव्हर घालून भागत नाही. ते पाऊस अडवतं, दमट हवा अडवत नाही.

कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, हत्तीचं ते भलंमोठं कातळशिल्प बघायला गेलो, तेव्हा रात्र एसीच्या खोलीत काढली होती. सकाळी सड्यावर बॅग उघडली आणि मिनिटभरात लेन्स पांढरीफटक झाली. 30 अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ धरते, 20 अंशांची जेमतेम 17. बाहेरची दमट हवा गार काचेला टेकली की जास्तीची वाफ तिथेच पाणी होऊन बसते. अशा वेळी घाईने पुसू नये. खोलीतून निघण्याआधीच कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करावा आणि बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास पिशवी उघडू नये. दव पिशवीवर धरतं, आतला कॅमेरा सावकाश कोमट होतो.

सिलिका जेलबद्दल, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांबद्दल, मात्र गैरसमज फार आहेत. दहा लिटरच्या डब्यातल्या 30 अंशांच्या पूर्ण दमट हवेत पाणी असतं फक्त 0.3 ग्रॅम. तेवढ्याला दोन-तीन ग्रॅमची पुडीसुद्धा पुरते. खरं पाणी असतं घामाने भिजलेल्या पट्ट्यात, ओल्या टॉवेलात, पाणी प्यालेल्या फोममध्ये. असा एक ओला रुमाल आत राहिला तर मूठभर जेलही कमी पडेल. कापडी बॅगेत तर जेल सगळ्या कोकणाची हवा सुकवायला बसतं! ते घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा, आणि त्या डब्यात ओलं काही जाऊ देऊ नका. नाहीतर लेन्सच्या आत बुरशीचं जाळं धरतं, आणि काही बुरशींचं आम्ल काचेवरचा लेपही खातं.

बॅगेच्या तळाला जाड फोम हवाच. मीटरभर उंचीवरून पडलेला कॅमेरा एका मिलिमीटरात थांबला तर गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट धक्का बसतो, सेंटीमीटरभर दबून थांबला तर शंभरपट.

पुळणीवरून परतल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवावी. तिच्यातले क्वार्ट्झचे कण काचेपेक्षा कठीण असतात, कोरड्या फडक्याने घासले की ओरखडे उठतात. मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने बॉडीवरचं मीठ टिपून घ्यावं. जेलचे नारिंगी दाणे हिरवे पडले असतील तर 110 ते 120 अंशांवर, पुन्हा नारिंगी होईपर्यंत तापवावेत, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घालावेत.